मशीनचा सांधा

मोखाड्याच्या बाजारात आजही एखादा म्हातारा माझा हात धरून मला थांबवतो आणि बरोबरच्या माणसाला सांगतो, "ह्यो जव्हारचा मिस्तरी. दोघा भावांचं घर फुटत होतं, ह्याच्या सांध्यानं धरून ठेवलं." मग तो माणूस माझ्याकडे कौतुकानं बघतो आणि मी आपल्या चपलेचा अंगठा बघत उभा राहतो. लोकांना वाटतं मिस्तरी लाजतो. कसली लाज घेऊन बसलात! मला ते कौतुक अंगावर घेववत नाही, एवढंच. ते घर कशानं धरलं होतं ते मला ठाऊक आहे आणि त्या घरातल्या धाकट्या सुनेला ठाऊक आहे. बाकी कुणाला नाही.

सुरुवात मशीनपासून करतो, कारण सगळी घमेंड तिथून आली.

जव्हारात वीज आली तेव्हा लोकांनी दिवे घेतले, कुणी रेडिओ घेतला, पिठाची गिरणी आली. मी मशीन घेतलं. भिवंडीला एक लाकडी सामानाचा कारखाना बंद पडला होता, त्याच्या मागच्या अंगणात ते ताडपत्रीखाली गंजत पडलं होतं. लाकडात चौकोनी भोक पाडायचं मशीन. त्यात एक पोकळ चौकोनी पटाशी असते आणि तिच्या पोटात गिरमिट फिरतं. गिरमिट लाकूड उकरतं, पटाशी कोपरे छाटते. वरचा दांडा खाली ओढला की भोक तयार. माझ्या अब्बांना पटाशी आणि मोगरी, म्हणजे लाकडी हातोडा, घेऊन ज्या भोकापुढे अर्धी सकाळ वाकून बसावं लागायचं, ते माझं एक बिडी संपायच्या आत व्हायचं. सोबत एक गोल करवत होती, तिच्यावर लाकडाच्या टोकाला कुसू कापायचं. कुसू म्हणजे भोकात जाऊन बसणारं टोक. एकदा माप बांधून दिलं की पहिलं कुसू आणि शेवटचं कुसू सारखंच, कुठलंही उचला आणि कुठल्याही भोकात घाला.

हाताच्या कामात तसं होत नाही. हातानं कापलेल्या प्रत्येक कुसवाचं आपलं ठरलेलं भोक असतं. अब्बा दोन्हींवर पटाशीनं सारख्या खुणा करून ठेवायचे, म्हणजे जोडी चुकायला नको. त्यांचे दोन सांधे एकसारखे कधी निघाले नाहीत, आणि त्यांना त्याचं काही वाटायचंही नाही. ते गेले तेव्हा मशीन आलेलं नव्हतं. आलं असतं तर त्यांनी एकदा बघितलं असतं आणि "आवाज फार करतं" एवढंच म्हणून बाहेर जाऊन बसले असते.

माझ्या बायकोनं मशीनचं नाव जावईबापू ठेवलं होतं. मी सकाळी त्याला पुसायचो, तेल घालायचो, संध्याकाळी चादर पांघरायचो. ती आतून विचारायची, "जावईबापूंचं झालं असेल तर घरच्यांनी जेवायचं का?" मी चिडायचो. तेव्हा मला चिडायला फार वेळ लागत नसे. आताही लागत नाही, पण आता मी आधी गप्प बसून बघतो.

तर त्या दिवसांत खोडाळ्याच्या रस्त्यावरच्या एका पाड्यावरून एक माणूस माझ्याकडे आला. घरातला थोरला. त्याच्या बापानं वर्षानुवर्षं खटपट करून, जंगलखात्याचा पास काढून, आपल्या मालकीच्या जागेतला साग तोडून घराच्या मागे रचून ठेवला होता. चांगलं घर घालायचं म्हणत म्हणत बाप मेला. आता घरात म्हातारी आई, हा, ह्याची बायको आणि एक धाकटा भाऊ, त्याचं लग्न ठरत आलेलं. "बापाचं लाकूड हाय," तो म्हणाला, "असा सांधा घाल का कुनी नाव नाय ठेवलं पायजे."

तिकडची रीत अशी की मिस्तरी लाकडाकडे जातो. ओटीवर मुक्काम करतो, त्या घरची नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर खातो, आणि घर उभं राहीपर्यंत तिथंच राहतो. अब्बांचं अर्धं आयुष्य असं दुसऱ्यांच्या ओट्यांवर गेलं. मी म्हटलं, मशीन काही डोंगर चढत नाही, तुम्ही लाकूड खाली आणा. त्यांनी आणलं. मोखाड्याहून रिकामा परतणारा एक ट्रक गाठला, वाटेत नाक्यावर पास दाखवला, आणि बापानं जमवलेला सगळा साग माझ्या दारात आणून टाकला. थोरल्याला मी चहा पाजला आणि मापं घेऊन परत पाठवलं. बस, एवढीच माझी त्या घराशी ओळख. ओटीवर राहिलो असतो तर कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या ताटात आधी वाढतात, हे सगळं दोन दिवसांत कळलं असतं. ओटीवर झोपणाऱ्याला हे विचारावं लागत नाही.

लाकूड फोडलं तेव्हा आत ओल होती. वरून वाळलेलं, पोटात ओलं. गिरमिटाबरोबर निघणारा भुसा बोटांना चिकटत होता. मला दिसलं ते. मी काम थांबवलं नाही, कारण पाऊस तोंडावर आला होता आणि भोकं इतकी सुरेख पडत होती की हात थांबवावासा वाटत नव्हता.

पावसाआधी आम्ही घर उभं केलं. पाड्यावरचे बापे, म्हणजे पुरुषमंडळी, जमले होते. खांब उभे राहिले, तुळया वर गेल्या, आणि मी कुठलंही कुसू कुठल्याही भोकात घालून दाखवायला लागलो. मोगरीच्या चार दणक्यांत कुसू गच्च. लोक बघतच राहिले. मग मी प्रत्येक सांध्यात आरपार खुंटी ठोकली आणि तिचं डोकं दोन्ही बाजूंनी करवतीनं कापून लाकडाशी सपाट केलं. हात फिरवला तर खुंटी कुठं आहे कळू नये असं.

म्हातारी पुढे आली. तिनं सांध्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "खुंटीची डोकी कुठं?"

"कापली आई."

"घर सोडवायचं झालं तं कशाला धरायचं?"

मी हसलो. म्हटलं, "घर काय रोज सोडवायचंय?" आजूबाजूचे हसले. म्हातारी हसली नाही, बाजूला झाली. हसायला काय जातं? मला तिच्या बोलण्याचा अर्थ माहीत नव्हता असंही नाही, अब्बांच्या तोंडून ऐकलेलं होतं. तिकडे घर मोडत नाहीत, सोडवतात. भाऊ वेगळे झाले, झऱ्याचं पाणी आटलं, जागा लाभली नाही, की खुंट्या ठोकून काढायच्या, खांब-तुळया खांद्यावर घ्यायच्या आणि पलीकडे पुन्हा उभ्या करायच्या. म्हणून खुंटीचं डोकं वीतभर बाहेर ठेवायचं, घरच्यांच्या हाताला लागेल असं. मला ते बाहेर आलेलं डोकं गावंढळ वाटायचं. जव्हारच्या घरांत तसलं काही नसतं.

घराचं नाव झालं. बाजारात लोक 'मशीनचा सांधा' म्हणून बोलू लागले. आजूबाजूच्या पाड्यांवरून ट्रकांतून लाकूड येऊ लागलं, आणि माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

दोन-तीन पावसाळे गेले असतील. एका भादव्यात, दुपारची झड थांबलेली असताना, दुकानाच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. कडेवर तान्हं पोर, डोक्यावर फडक्यात बांधलेल्या दोन मोठ्या काकड्या. काकड्या तिनं माझ्या बायकोपुढे ठेवल्या आणि मशीनकडे बघत उभी राहिली. ती त्या घरची धाकटी सून होती. सकाळच्या एसटीनं एकटी आली होती.

"मिस्तरी," ती म्हणाली, "तुझा सांधा सुटतो का नाय?"

तिकडे सगळ्यांनाच 'तू' म्हणतात, त्यात अपमान नसतो. मी विचारलं, का सोडवायचाय. तिनं सांगितलं तेही काही रडून-भेकून नाही. तिचा नवरा दिवाळी झाली की वसईकडे वीटभट्टीवर जायचा तो पावसाच्या तोंडाला यायचा. तेवढे महिने ती थोरल्या जावेच्या चुलीवर. नागलीच्या कणगीवर जावेचा हात. पीठ जाऊबाई काढून देईल तेवढं, आणि देईल तेव्हा. पोर भूक लागली म्हणून रडायला लागलं तरी थोरलीची लेकरं जेवेपर्यंत थांबायचं. "मारत नाय कुनी," ती म्हणाली. "खोटं कशाला सांगू. पन माझी चूल पायजे माला."

भावांचं बोलणं झालं होतं. धाकटा म्हणत होता, माझ्या वाटणीचे खांब-तुळया द्या, मी पलीकडच्या माळावर घर घालतो. थोरलाही तयार होता, म्हणाला घे आणि जा. पण बापाच्या लाकडाला करवत लावायची नाही, हे पाड्यानं ठरवून टाकलं होतं. सुटलं तर सुटू दे. आणि वाटणीचं लाकूड सोडून कुडाच्या झोपडीत जाऊन राहायला धाकटा तयार नव्हता. म्हणजे त्या बाईची चूल पेटायची की नाही, हे माझ्या सांध्यावर येऊन थांबलं होतं. "तू ये आन् सोडव," ती म्हणाली. "तुझ्या हाताला वळखंल तो."

माझ्या बायकोनं तिला जेवू घातलं आणि मला दम दिला, "उद्याच जा." मी गेलो.

माझ्या आधी पाड्यानं दगड-पहारींनी प्रयत्न करून पाहिला होता. मी लोखंडी गज लावून खुंट्या ठोकून काढल्या, त्या निघाल्या. मग तुळईखाली लाकडाचा ठोकळा धरून मोगरी मारायला लागलो. दोघा भावांनी दोर लावून ओढलं, पाड्यातले आणखी बापे आले. कुसू तसूभर हललं नाही. पावसानं सगळं लाकूड फुगलं होतं, खांबांवर बोट टेकवलं तरी गार लागत होतं.

आणि मला काय वाटलं ते सांगतो. मला आनंद झाला. माझा सांधा सुटत नाही म्हणून आतून उकळ्या फुटत होत्या. दाराशी त्या बाईनं तिचं सामान बांधून ठेवलं होतं: एक पातेलं, तवा, भाकऱ्या थापायची काथवट, सगळं एका जुन्या लुगड्यात गाठ मारून. ते मी पाहिलं होतं, आणि तरीही मला आनंद झाला. याच्याबद्दल मला जेवढी शरम वाटते तेवढी दुसऱ्या कशाबद्दल वाटत नाही.

धाकट्यानं घाम पुसला आणि विचारलं, "उनाळ्यात बगू का मिस्तरी? सुकल्यावर?"

साधा, शहाणपणाचा प्रश्न होता. मी म्हणायला हवं होतं, हो बाबा, चैतात बोलाव, मी येतो. पण सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि आठवडाभरापूर्वीच शेजारच्या पाड्यावरून लाकूड येऊन माझ्या दारात पडलं होतं. मी मोगरी पिशवीत टाकत म्हटलं, "हा मशीनचा सांधा आहे. त्याला उन्हाळा काय नि पावसाळा काय."

थोरल्यानं मान डोलावली. खुंट्या मी परत ठोकून दिल्या. त्या बाईनं लुगड्याची गाठ सोडली, तवा काढला आणि जावेच्या चुलीपाशी नेऊन ठेवला. म्हातारी ओटीवर बसून हे सगळं बघत होती. तिनं मला पाणीसुद्धा विचारलं नाही.

मिस्तरीचं बोलणं तिकडे शेवटचं असतं. त्यात मी तर मशीनवाला.

पुढच्या उन्हाळ्यात, चैत्रातच, माझ्या मामेभावानं एक टेबल परत आणलं. ते घर घातलं त्याच साली, तसल्याच ओल्या लाकडातून, त्याच मशीनवर कापलेलं. पाय हलतो म्हणाला. मी पाय हातात धरला आणि कुसू भोकातून सरळ बाहेर आलं. ओलं लाकूड आतून वाळलं होतं, बारीक झालं होतं. डोळ्यांपुढे तो पाडा आला, तो तवा आला.

बायकोनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तिला कळलं. "मग जा आणि सांगा त्यांना," ती म्हणाली. "आता सुटेल म्हणावं."

"जातो. हे काम उरकू दे."

"तिनं तुमच्याकडे काकड्या आणल्या होत्या," ती म्हणाली. "पोर कडेवर घेऊन."

मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. टेबलाच्या कुसवात पाचर मारून, सरस लावून मी ते मामेभावाला परत दिलं आणि पाड्यावर गेलो नाही. एसटी रोज जात होती. माझ्या दारावरून जात होती. आज काम, उद्या जुम्मा, परवा अंग मोडून आलंय, असं करता करता पाऊस लागला आणि लाकूड पुन्हा फुगलं. मी मनाशी म्हटलं, आता जाऊन तरी काय उपयोग. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच. गेलो असतो तर एका दिवसाचं काम होतं. पण जाऊन सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं की मशीनचा सांधा उन्हाळ्यात हलतो, आणि मग बाकीच्या पाड्यांवर काय तोंड दाखवायचं? तोंड दाखवायची काळजी! त्या बाईला रोज कुणाच्या तोंडाकडे बघून पीठ मागावं लागत होतं, ते मला माहीत होतं.

ती मोखाड्याच्या बाजारात भेटायची. वाल, तूर, कधी पावसाळी काकड्या घेऊन बसलेली असायची. आधी कडेवरचं पोर शेजारी बसायला लागलं, मग त्याच्या मागून दुसरं आलं. मी वाट बदलून जायचा प्रयत्न करायचो, पण बाजार तो केवढा? ती हाक मारायची, "ए मिस्तरी," आणि मी घेतलेल्या वालावर आणखी एक मूठ टाकायची. त्या वरच्या मुठीचे वाल मला गिळवायचे नाहीत. बायको वाढायची आणि मी पोट दुखतंय म्हणून उठायचो. ती एकदा म्हणाली, "वालानं नाही दुखत तुमचं पोट."

एकदा मी ठरवून गेलो होतो. तिच्यापुढे उकिडवा बसलो, वाल हातात घेतले, आणि म्हणालो, "घर कसं आहे?" ती म्हणाली, "हाय ना उभं. तूच बांधलंस." मी पुढचं वाक्य तोंडात घोळवत होतो तेवढ्यात जव्हारच्या जीपवाल्यानं हॉर्न दिला, एक जागा आहे म्हणाला. पाठोपाठ दुसरी जीप होती. मी पहिलीत जाऊन बसलो.

तोवर लोकांनी आपली गोष्ट तयार केली होती. दोघे भाऊ भांडले, पण मिस्तरीचा सांधा सुटला नाही, घर एक राहिलं, केवढं पुण्याचं काम. मशिदीबाहेर मला कुणी हे सांगितलं की मला उठून जावंसं वाटायचं. घर एक राहिलं खरं. ते कुणाच्या पोटातनं काढून एक राहिलं, हे त्या गोष्टीत कुणी घालत नव्हतं.

अशी वर्षं गेली, थोडीथोडकी नाहीत. म्हातारी वारली. थोरल्याचे मुलगे कामाला लागले आणि त्यानं शेजारीच विटांचं घर घातलं. मग एका वैशाखात त्याचा निरोप आला: आता जुनं घर उतरवायचंय, लाकूड दोघांत वाटायचंय, बाप-म्हातारीच्या वेळचं आता कोण राहिलंय हटकायला, नाही सुटलं तर काप, पण तूच ये.

मी करवत घेतली, पहार घेतली. दाढी पांढरी झाली होती. जीपनं गेलो.

कौलं आधीच उतरवली होती, कूड काढला होता, नुसता सांगाडा उन्हात उभा होता. दारालगतचा पुढचा खांब बुटका, तुळई हाताला लागेल एवढ्या उंचीवर. मी खुंटीवर गज टेकवला. ठोकावं लागलं नाही, अंगठ्यानं दाबली तशी ती पलीकडे पडली. तुळईला तळहात लावून मी जरा वर उचलली आणि कुसू भोकातून सुटलं. करवत पिशवीतच राहिली.

थोरला हसला. "मिस्तरी, तुझं मशीन म्हातारं झालं." बाकीचेही हसले. मी त्या उघड्या सांध्याकडे बघत होतो. खांबावर सांध्याच्या बाजूला एक जागा होती, तळहाताएवढी, बाकीच्या धुरकट लाकडापेक्षा वेगळी. गुळगुळीत, काळी, चकाकणारी. चुलीजवळच्या उखळावर वापरून वापरून येते तशी.

ती सावलीत वाल सोलत बसली होती. उठून आली आणि तिनं त्या जागेवर हात ठेवला. बरोब्बर बसला.

"हालायचा हा," ती म्हणाली. "तू येऊन गेलास त्याच्या पैल्या उनाळ्यापासनं. कौलं फेरायला कुनी वर चढला का करकर करायचा. मी हात लावून बगे. दर उनाळ्यात बगे."

"घरात सांगितलं नाहीस?"

"सांगलं ना. हसले. मिस्तरी सांगून गेलाय म्हणाले, उनाळा काय नि पावसाळा काय. तू मिस्तरी झालीस का, म्हणाले."

माझंच वाक्य. तिनं ते माझ्याच ठसक्यात म्हटलं, मुद्दाम नाही, इतक्या वर्षांत ऐकून ऐकून तसंच बसलं असणार.

"मग मला का नाही विचारलंस?" माझा आवाज चढला होता, आणि चढला म्हणून मला माझाच राग आला. "बाजारात दर वेळी भेटायचीस."

रागावलेली असती तर बरं झालं असतं. "म्हणलं तुला म्हायती असंल," ती म्हणाली. "तूच केलेला ना तो. म्हायती असून सांगत नाय, तं काय तरी कारन असंल तुझं."

काही कारण नव्हतं, हे तरी मी सांगायला हवं होतं. तेवढंही सांगितलं नाही. खाली बसलो आणि सुटलेली खुंटी उचलून हातात फिरवत राहिलो.

दुपारपर्यंत सगळं घर सुटलं. लाकूड दोन ढिगांत लागलं. तिच्या ढिगाशी उभं राहून मी म्हटलं, "ह्याचं घर मी घालून देतो. इथंच राहून, हातानं. तुझी चूल कुठल्या अंगाला हवी ते दाखव."

"माझी?" तिला खरोखर नवल वाटलं. "आता माझी कशाला? पोराचं लगीन हाय पुढच्या म्हयन्यात. सून येतेय. तिची घालू."

मी त्यांच्या अंगणात राहिलो. मशीन जव्हारला चादरीखाली पडून होतं. पटाशी आणि मोगरी घेऊन, अब्बा बसायचे तसा बसून, जुनी भोकं नव्यानं साफ केली, कुसवांना पाचरा दिल्या, जोड्यांवर खुणा केल्या. हाताला फोड आले, ते बरंच झालं. भाकर ती आणून द्यायची. ती थोरलीच्या नव्या घरातून यायची, हे मी बघत होतो.

खुंट्या ठोकायच्या दिवशी ती येऊन उभी राहिली. "डोकी कापू नको," ती म्हणाली. "बाहेर ठेव. सुनेच्या हाताला लागली पायजेत."

मी ठेवली. सून अजून आली नव्हती, म्हणून डोकी किती बाहेर ठेवायची ते वीतभराचं माप मी तिच्याच हातानं घेतलं.